समुपदेशन कक्षाचा चार्ज माझ्या गळ्यात पडलाय, पोट्टा समोर येऊन उभा राहिला तर नेमकं बोलायचं काय?

तासिका_मास्तर
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजात शिकवतो, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे नाहीतर नाही, आणि तेही दिवाळीचे उन्हाळ्यात. तर दोनेक महिन्यांपूर्वी वरून बोलावणं आलं, सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे, कक्ष उघडावा लागतो, तुम्ही पोरांत मिसळता तर तुम्हीच बघा. जिमखान्याच्या बाजूची खोली मिळाली, आत नॅकच्या (कॉलेज तपासून ग्रेड देणाऱ्यांच्या) फायली, दोन फुटके कॅरम आणि एक वजनकाटा. बोर्ड लागला, रिबीन कापली, फोटो फाइलला लागला. नंतर कोणी फिरकलं नाही आणि खरं सांगतो, मला बरंच वाटत होतं.

मागच्या आठवड्यात बीएस्सी सेकंड इयरचा एक पोट्टा (ओळखू येऊ नये म्हणून तपशील बदलतोय) तास संपल्यावर सायकल स्टँडजवळ थांबला. आधी म्हणे सर हजेरीचं. मग म्हणे शिष्यवृत्तीचं. मग गप्प. मग चपलेकडे बघत म्हणाला, सर, मी नसलो तरी घरी काही अडत नाही, उलट खर्च कमी होईल. मी काय बोललो तर, अरे असं नको बोलू, आईबापाचा विचार कर, अभ्यासात मन लाव. तो हो सर म्हणाला आणि एसटी पकडायला गेला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, सकाळच्या गाडीतून उतरताना दिसला तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यानंतर मीच त्याच्यासमोर जायचं टाळतोय. ट्रेनिंग कसलंच नाही माझं. कोणी सांगेल का.

वर्धेचा_पोट्टा
सर तुम्ही निदान रात्रभर जागले. आमच्या कॉलेजात असंच कोणीतरी बोललं तर एका सरांनी पूर्ण वर्गासमोर त्याला उभं करून "जीवन सुंदर आहे" वर भाषण दिलं होतं. त्याच्यानंतर कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.

जिल्हा_टीम_ताई
मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करते, सर, आधी एकच, धाग्यावर उत्तरं यायची वाट बघू नका, उद्या सकाळी त्याला गाठा. बाकी वाचन नंतर.

"मी नसलो तरी" म्हणाला म्हणजे त्यानं दार अर्धं उघडलं होतं. तुम्ही घाबरून लावून घेतलं, सगळेच लावतात, त्यात वाईट वाटून घेऊ नका. आता थेट विचारायचं. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" ह्याच शब्दांत. "असं काही वेडंवाकडं तर डोक्यात नाही ना?" असं विचारलं की उत्तर नाहीच येणार, कारण प्रश्नातच तुम्ही नाही घालून ठेवलंय. विचारल्यानं डोक्यात नसलेलं खूळ शिरतं ही भीती सगळ्यांना असते, मलाही होती, पण ह्यावर बरेच अभ्यास झालेत आणि तसं होत नाही. उलट पोरगं सुटल्यासारखं बोलायला लागतं.

तो हो म्हणाला तर दचकू नका, उपदेश नको, आईबापाची आण नको. त्याला आधीच वाटतंय की आपण घराला ओझं आहे, तुम्ही आईबाप काढले की ओझं दुप्पट. फक्त विचारा, कधीपासून, कसं करायचं हे काही ठरवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. ठरवलं असेल तर त्या दिवशी त्याला एकट्याला गाडीत बसवून द्यायचं नाही, घरचं कोणीतरी येईपर्यंत सोबत बसायचं. आणि आपल्याकडे शेतीचं घर म्हणजे फवारणीचं सामान घरात असतंच, ते घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून कुलपात आणि किल्ली तिसऱ्याकडे. लोकांना हे किरकोळ वाटतं पण तसं नाही, तो विचार बहुतेक वेळा लाटेसारखा येतो आणि ओसरतो, लाट असताना हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

कोणाला सांगणार नाही असं वचन मात्र देऊ नका. "जिवाचा प्रश्न आहे तर एका माणसाला मी सांगणार, कोणाला ते तू ठरव" एवढं बोला.

टेलिमानस म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. नंबर चिठ्ठीवर लिहून देऊ नका, चिठ्ठी खिशात धुतली जाते. तुमच्याच फोनवरून त्याच्यासमोर लावा आणि तो बोलायला लागला की उठून बाहेर जा. अंगावर आलेली वेळ असेल तर सरळ १०८ किंवा ११२.

सेवानिवृत्त_४२
आम्ही कंदिलात अभ्यास केला, पाच कोस पायी जात होतो, आमचं समुपदेशन वडिलांच्या हातात होतं. आजच्या पिढीचा कणाच मोडलाय, मोबाइल काढून घ्या, दोन दिवसांत सगळं ठीक होईल. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

खोली_नंबर_१७
काका तुमच्या वेळी बीए झालं की मास्तरकी लागत होती. आता पीएचडी झालेला माणूस तासावर शिकवतो आणि त्यालाच पोरांचं डोकं सांभाळायचा चार्ज देतात, ह्याच धाग्यात वर बघा.

माझं सांगतो. मी कृषीच्या कॉलेजात होतो, होस्टेलला, तिसऱ्या वर्षाला चार विषय राहिले. तोपर्यंत गावात माझ्या नावानं "साहेब" म्हणायला लागले होते लोक. हळूहळू काय झालं ते माझं मलाच समजलं नाही, आधी लेक्चर सुटलं मग आंघोळ सुटली मग मेसला जाणं सुटलं, दिवसा झोपायचो रात्री पंख्याचा आवाज ऐकत पडायचो, आणि दर रविवारी बाबाचा फोन यायचा पेपर कसे गेले, मी म्हणायचो चांगले, संपला फोन. रडू वगैरे काही येत नव्हतं. लोकांना वाटते डिप्रेशन म्हणजे रडणं, मला तर काहीच वाटत नव्हतं, भाजीला चव नाही, मॅच लागली तरी बघावी वाटत नाही. मरायचा विचार यायचा तोसुद्धा असा, जसा उद्या कपडे धुवायचेत असा यायचा.

सगळ्यात आधी कोणाच्या लक्षात आलं असेल तर मेसच्या मावशीच्या. तिनं रूममेटला विचारलं, तुझ्या खोलीतल्या त्या उंच पोट्ट्याचं ताट चार दिवस झाले तसंच राहते, गावाला गेला का? रूममेट मेळघाटकडचा, कमी बोलणारा. त्यानं मला काही समजावलं नाही. पहाटे पाचला उठवायचा, चल चहा, बस. दुसऱ्या दिवशी चल चहा. चौथ्या-पाचव्या दिवशी टपरीवर म्हणाला, बे तुला मरावं वाटते का? मी हो म्हटलं. तो म्हणे बरं, आज दवाखान्यात जाऊ, मी येतो. "बरं" म्हणाला तो. मला अजूनही तो "बरं" आठवतो.

डॉक्टरनं नैराश्य सांगितलं, गोळ्या दिल्या, नऊ महिने चालल्या. पहिले पंधरा दिवस काहीच फरक नाही, उलट तोंड कोरडं पडायचं, मी सोडायच्या बेतात होतो. रूममेट मोजून द्यायचा. विषय निघाले, एक वर्ष गेलं ते गेलं. आता पीक विम्याच्या कामात चिकटलो, शेतकऱ्यांच्या शिव्या खातो, मजेत आहे.

जिल्हा_टीम_ताई
सतरा नंबर, ते पंधरा दिवसांचं बरं लिहिलंत. ह्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, पोरं आठव्या दिवशी बंद करतात आणि गावभर सांगतात काही फायदा नाही. आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंद करायच्याही नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. सगळ्या काही झोपेच्या नसतात आणि नैराश्यावरच्या ह्या गोळ्यांची सवयही लागत नाही.

पऱ्हाटीवाला
मी काही शिकेल नाही जास्त, लिहिनं पोराच्याच जुन्या मोबाईलवर शिकलो, चुकलं तं सांभाळून घ्या. माह्यं पोरगं अमरावतीले शिकते, खोली करून रायते. त्याचा फोन आला का मी पयले इचारतो पैसे पायजे का. तो म्हंते नाही. मंग मी म्हंतो बरं ठेव. तीन वर्स झाले हेच चालू हाये. वरचं वाचून ध्यानात आलं का मी त्याले तू कसा हायेस हे कधी इचारलंच नाही.

२०२५ च्या हंगामात सोयाबीन पान्यानं गेलं, जे हाती लागलं ते चार हजाराच्या आसपास द्या लागलं, हमीभाव ५३२८ कागदावर. हे मी त्याले सांगतलं नाही, म्हटलं त्याच्या डोक्याले ताप नको. अन् तो बी मले काही सांगत नसंल, म्हनत असंल बाबाच्या डोक्याले ताप नको. दोघं बी एकमेकाले वाचवून रायलो.

काल रातच्याले लावला फोन. म्हटलं काय जेवला. थो चूप. मंग म्हंते, बाबा तब्येत बरी हाये न तुमची? काऊन असं इचारून रायले?

वर्धेचा_पोट्टा
भाऊ तुमच्या त्या शेवटच्या ओळीवर हसू पण आलं आणि डोळे पण भरले.

कोर्टातली_बाई
वकिलीतून दोन गोष्टी, कारण गावात ह्या भीतीपोटी लोक प्रकार दडपतात आणि पोरगं वाचलं तरी दवाखान्यात खोटं सांगतात.

आत्महत्येचा प्रयत्न केला म्हणून पोलीस पोराला आत टाकतील हे डोक्यातून काढा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २०१८ पासून लागू आहे, त्यातलं कलम ११५ म्हणतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, उलट त्याची काळजी घेणं, उपचार, पुनर्वसन हे सरकारचं काम. जुन्या भारतीय दंड संहितेतलं ३०९, म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा धरणारं कलम, तर १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली त्यात राहिलंच नाही (सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न हे वेगळं कलम आहे, त्याचा इथं संबंध नाही). दवाखान्यातून पोलिसांकडे कागद जातो, जबाब घेतात, तेवढं होतं. त्याला घाबरून दवाखान्यात उशिरा नेऊ नका.

आणि मास्तर, तुमच्या प्राचार्यांनी आदेश अर्धाच वाचलाय. २५ जुलै २०२५ चा निकाल आहे. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा, शंभरापेक्षा कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडणी करायची. सगळ्या शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. हेल्पलाइनचे नंबर होस्टेलात, वर्गात, वेबसाइटवर मोठ्या अक्षरात. मार्कांप्रमाणे पोरांच्या तुकड्या पाडायच्या नाहीत. मोकळा तास असलेला मास्तर पकडून आणायचा, असं त्यात कुठं नाही.

तासिका_मास्तर
आमच्याकडे साडेसहाशे पोरं आहेत. पगारी माणूस नेमायचा म्हटलं की संस्था म्हणते अनुदान कुठंय.

वर्धेचा_पोट्टा
तालुक्या-तालुक्यात एमएसडब्ल्यू (समाजकार्यातलं एमए) झालेले पोट्टे स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसून म्हातारे होऊन रायले. चार कॉलेजांनी मिळून एक जण ठेवावा, ट्रेनिंग द्यावं, आठवड्यातून एकेक दिवस.

कोर्टातली_बाई
आदेशात प्रत्येक संस्थेत म्हटलंय, चारांत एक नाही. पण शून्यापेक्षा पाव बरा, हे वकील म्हणून नाही बोलत.

सेवानिवृत्त_४२
एवढं अवडंबर कशाला, असे किती विद्यार्थी असतात?

कोर्टातली_बाई
एनसीआरबीचा, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचा, २०२२ चा विद्यार्थी आत्महत्यांचा आकडा १३,०४४, देशभरात. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. विदर्भ म्हटलं की सगळ्यांना शेतकरी आठवतो, त्याच घरातलं पोरगं कॉलेजात बसलेलं असतं ते कोणाला आठवत नाही.

होस्टेलवाली_मॅडम
गडचिरोली भागात मुलींच्या वसतिगृहावर आहे, बारा वर्षं. माझ्याकडच्या बऱ्याच पोरी घरी गोंडी किंवा माडिया बोलतात, मराठी त्यांची दुसरी भाषा आणि कॉलेजात गेल्या की इंग्रजी तिसरी. पहिल्या सत्रात ज्या गप्प असतात त्या लाजाळू आहेत असं आपण धरून चालतो. एक पोरगी सहा महिने वर्गात एक शब्द बोलली नव्हती कारण पहिल्याच दिवशी तिच्या उच्चारावर मागचा बाक हसला होता. हे समुपदेशनाचं काम नाही, हे हसणाऱ्यांना तिथंच थांबवायचं काम आहे, आणि ते शिक्षकच करू शकतो.

पोरींचं आणखी एक, दिवाळीच्या सुट्टीला जाताना ज्या घाबरतात त्यांच्याकडे बघा. सुट्टीत बघायला पाहुणे येणार असतात. परत येईल की नाही हेच माहीत नसतं. आणि कोणी आपली आवडती वस्तू, ओढणी, वह्या, मैत्रिणीला उगाच वाटायला लागली तर मी त्या रात्री तिच्या खोलीत जाऊन बसते, काही निमित्त काढून.

नंबरचं म्हणाल तर ऑफिसबाहेर लावलेला नंबर कोणी टिपून घेत नाही, सगळे बघतात ना. मी १४४१६ संडासाच्या दाराला आतून चिकटवला. कडी लावली की समोर. दोन वेळा कागद फाटला, दोन वेळा पुन्हा लावला.

जिल्हा_टीम_ताई
मॅडम हे मी उद्याच्या मीटिंगमध्ये तुमचं नाव न घेता चोरणार आहे.

आशा_ची_सून
सासूबाई आशा सेविका आहेत म्हणून आमच्याकडे हे विषय निघतात. आपल्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत विश्राम नावाचं काम झालं होतं, त्याचा अभ्यास २०१७ मध्ये लॅन्सेटच्या मानसोपचाराच्या अंकात आला. डॉक्टर कमी, पण गावातल्याच साध्या बायामाणसांना शिकवून घरोघरी पाठवलं. नैराश्य असलेल्यांपैकी कुठंतरी मदत घेणारे आधी शंभरात चार होते (४.३ टक्के), दीड वर्षात २७.२ टक्के झाले. कॉलेजात हे का करत नाहीत कळत नाही, एनएसएसचे पोरं रस्ते झाडतात, त्यातल्या दहा जणांना ऐकायला शिकवा. आणि नैराश्य नैराश्य करू नका, तो शब्द आपल्याकडे कोणी वापरत नाही, टेन्शन म्हणा, जीव लागत नाही म्हणा, डोकं जड झालं म्हणा, लगेच बोलतात लोक.

चावडी_व्यवस्थापक
एक प्रतिसाद काढला आहे. शेजारच्या तालुक्यातल्या घटनेचं गाव, आडनाव आणि कसं केलं ह्याचा तपशील होता. तसले तपशील वाचून आधीच काठावर असलेल्यांना धक्का बसतो, म्हणून इथे चालणार नाहीत. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, त्यांच्याशी बोललो आहे.

तासिका_मास्तर
उशीर झाला लिहायला. सांगतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटी स्टँडवरच थांबलो होतो. तो उतरला, म्हटलं चल चहा घेऊ (सतरा नंबर, तुमची आयडिया). चहा संपेपर्यंत मी पावसाचं बोललो कारण माझीच जीभ उचलत नव्हती. मग ताईंनी लिहिलं तसं विचारलं, अगदी पाठ केलेलं वाक्य, आवाज कापत होता माझा. तो बराच वेळ ग्लासच्या तळाशी बघत राहिला. मग हो म्हणाला. आणि मग पाऊण तास बोलला, मला वाटत होतं मला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, एकही द्यावं लागलं नाही.

ठरवलं वगैरे नव्हतं त्यानं पण दिवाळीपासून विचार रोज येत होता. १४४१६ माझ्या फोनवरून लावला, तो एनएसएसच्या सामानाच्या खोलीत बसून बोलला, मी बाहेर टोपल्या मोजत होतो. घरी कोणाला सांगू विचारलं तर वडील नको म्हणाला, मामाला सांगा. मामा दुपारी मोटारसायकलवर हजर, काही विचारलं नाही त्या माणसानं, नुसता पोराच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. घरातलं सामान त्याच रात्री त्यानं आपल्या गावी नेऊन ठेवलं, वडिलांना सांगितलं मला फवारणीला पाहिजे.

सोमवारी सातच्या गाडीनं तिघं यवतमाळच्या मेडिकलला, मानसोपचारच्या ओपीडीत. रांग होती पण पोरगं डॉक्टरशी नीट बोललं. माझे दोन तास बुडाले, त्याचे पैसे गेले आणि वर रजेचा अर्ज द्या म्हणाले, असो.

शिष्यवृत्तीचं मी उगाच विषय बदलायला काढलेलं कारण समजत होतो, ते खरं होतं. महाडीबीटीचा (शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलचा) अर्ज आमच्याच ऑफिसात टेबलावर अडकला होता, खात्याला आधार जोडलेलं नाही एवढंच. वीस मिनिटांचं काम, सहा महिने कोणी सांगितलं नाही पोराला. त्यानं आजार बरा नाही झाला हे मला कळतं, पण पावती हातात घेतली तेव्हा पोरगं पहिल्यांदा हसलं.

जिल्हा_टीम_ताई
सर, छान केलंत. आता पुढचे दोन महिने महत्त्वाचे, दर दोन-तीन दिवसांनी एखादा मेसेज टाकत जा, भलं मोठं काही नको. तारखेला पुन्हा ओपीडीत गेला का तेवढं बघा. आणि तुम्हीही कोणाशी तरी बोला, हे एकट्यानं पोटात ठेवायचं नसतं. १४४१६ मास्तरांसाठीही असतो.

सेवानिवृत्त_४२
मास्तर, मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. माझ्या वर्गात १९८७ साली एक मुलगा होता. त्याच्याबद्दल मी कधी बोललो नाही कोणाशी. त्यानंही मला काहीतरी विचारलं होतं आणि मी घड्याळ बघितलं होतं. इतकंच.

पऱ्हाटीवाला
काका, इतक्या सालांनं तुमी बोलले. हलकं वाटलं असंल तं चांगलंच झालं, नसंल तं इथंच लिहत जा.

तासिका_मास्तर
काका, मोबाइल नंबर खाजगीत पाठवतो, वाटलं तर लावा.

एक सल्ला हवा अजून. त्या खोलीत कोणी येणार नाही हे तर कळलं, जिमखान्यातून सगळे बघतात कोण शिरलं. बोर्ड काढू म्हटलं तर ऑफिस म्हणते नॅकवाले विचारतील.

होस्टेलवाली_मॅडम
बोर्ड राहू द्या नॅकसाठी. तुम्ही सायकल स्टँडवर बसत जा, तो तिथंच आला होता ना.

वर्धेचा_पोट्टा
स्टँडवर ऊन लागते सर, बाजूला निंब असंल तर त्याच्याखाली खुर्ची टाका.

तासिका_मास्तर
निंब आहे. आज बसलो चार ते पाच. कोणी आलं नाही, एकानं पंक्चरचे वीस रुपये उसने नेले. उद्या परत बसतो.